विरजण आधीच काढून ठेवूया
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील मनोगत)



आज कर्जाबद्दल नाही, संगणकाबद्दल बोलणार आहे. "आमचं काय काम त्यात?" म्हणू नका. आता बऱ्याच घरांत मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप आलाय आणि गटाचा हिशोबही त्यातच टाइप होतोय.

आधी माझी चूक सांगते. गेल्या पावसाळ्यात घरच्या लॅपटॉपवर अपडेट चालू असताना लाइट गेली. बॅटरी आधीच बाद झालेली. पुन्हा सुरू केला तर नुसती निळी स्क्रीन. दुरुस्तीवाले म्हणाले, "विंडोज नव्याने टाकावं लागेल, आतलं सगळं जाईल." बारा गटांच्या तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. मग तुमच्याच वह्या गोळा केल्या आणि रात्री जागून सगळं परत टाइप केलं. वही वेळेवर लिहा म्हणून तुमच्या मागे लागणारी मी, माझीच तयारी नव्हती!

दही संपायच्या आधी आपण चमचाभर विरजण बाजूला काढतोच ना? भांडं घासून झाल्यावर आठवून काय उपयोग? संगणकाचंही तसंच. तो चांगला चालतोय तेव्हाच त्याचा रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवायचा.

तो असा करा. ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यात जुने फोटो असतील तर ते पुसले जातात, म्हणून रिकामाच घ्या. विंडोज १० किंवा ११ मध्ये शोधायच्या चौकटीत इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' लिहा. तो पर्याय उघडला की सिस्टिम फाइल्सच्या बॅकअपसमोर खूण ठेवा आणि पुढे जा. तासभर किंवा जास्तही वेळ लागतो, म्हणून चार्जर लावून ठेवा, मध्येच काढू नका. झाल्यावर त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवा आणि जपून ठेवा. मार्चअखेर हिशोब बंद करतो, तेव्हा दरवर्षी तो नव्याने करा.

पुढे कधी संगणक सुरूच झाला नाही, तर हा पेन ड्राइव्ह लावायचा. सुरू करताना एफ १२ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते बटण दाबायचं, की पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीचे पर्याय उघडतात. काही लॅपटॉपना बिटलॉकर नावाचं कुलूप असतं. तेव्हा तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती आजच शोधून वहीत उतरवून ठेवा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात घ्या, तायांनो. यात फक्त विंडोज राहतं, आपला हिशोब आणि फोटो नाहीत. त्यासाठी दुसरा पेन ड्राइव्ह ठेवा आणि दर बैठकीनंतर हिशोबाची फाइल त्यात उतरवा. आणि वही? ती लिहायचीच. मला शेवटी तिनेच वाचवलं.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो, चार्जर आणि रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन या. लेकींनाही आणा. इथेच बसून करूया.