पेट्रोलची मधली टाकी
(रात्रीच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला मोटारीतल्या एका लहानशा डब्याची माहिती सांगणार आहे. गॅरेजातले लोक या डब्याला 'सर्ज टँक' म्हणतात. आपण त्याला 'मधली टाकी' म्हणू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या दारात सायकल नाही, मोटार कुठली?" खरे आहे. पण तुमच्यापैकी कुणाचा मुलगा अंधेरीला गॅरेजात आहे. कुणाचा भाऊ मुलुंडला गाडी चालवतो. कुणाचा भाचा घाटकोपरला मोटारीचे सुटे भाग विकतो. त्यांचा पेट्रोलाशी रोजचा संबंध. पेट्रोलाचे काम अर्धवट समजून केले, तर हात भाजतात. कधी जीवही जातो. म्हणून हे नीट ऐका, आणि सुट्टीत मुलगा घरी आला की त्याला वाचून दाखवा.

विहिरीवरचा पंप आठवा

तुमच्या विहिरीवर पंप आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो. मग काय होते? पंप हवा धरतो. मोटर फिरते, पण पाणी येत नाही. तसाच चालू ठेवला तर पंप तापतो आणि बिघडतो.

मोटारीतही असेच होते. मागच्या बाजूला पेट्रोलची मोठी टाकी असते. तिच्यात एक पंप असतो. तो पेट्रोल ओढतो आणि इंजिनाकडे पाठवतो. टाकी भरलेली असेल तर काळजी नाही. पण टाकीत थोडेच पेट्रोल उरले आणि गाडी लांब वळणावर जोरात वळली, तर काय होईल?

घाटात एस. टी. वळते तेव्हा तुम्ही सगळे एका बाजूला कलता ना? पेट्रोलही तसेच कलते. ते टाकीच्या एका कडेला जाऊन उभे राहते. पंपाचे तोंड उघडे पडते. पंप हवा धरतो. इंजिन आचके देते, मध्येच दम सोडते. वळण संपले की पेट्रोल जागेवर येते आणि गाडी पुन्हा चालू लागते.

यात दोन तोटे आहेत. पहिला, पंपाला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते. ते मिळाले नाही की पंप झिजतो. दुसरा तोटा मोठा आहे. गाडी जोरात असताना इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली, तर आतली उष्णता फार वाढते. पिस्टनला भोकही पडू शकते. मग खर्च काही शेकड्यांत भागत नाही.

जुन्या फियाटला हे का होत नव्हते?

आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी मोटार तयार होत असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणजे पूर्वी बहुतेक त्याच असत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून त्यांचा निरोप झाला. त्या गाडीत कार्ब्युरेटर असे. कार्ब्युरेटरला स्वतःची एक वाटी असते. वाटीत थोडे पेट्रोल नेहमी शिल्लक असते. मागून पेट्रोल यायला क्षणभर उशीर झाला, तरी वाटीतल्या पेट्रोलावर इंजिन चालते. घरात पिंप भरलेले असले, की नळ गेला तरी चहा होतो. तसेच हे.

पुढे धुराचे नियम कडक झाले. मुंबईत 2001 साली भारत स्टेज 2 हा नियम आला. त्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्शनच्या गाड्या सगळीकडे दिसू लागल्या. मारुती झेन, मारुती एस्टीम या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बारीक तोटीतून दाबाने फवारले जाते. हा दाब साधारण 3 बार असतो. 3 बार म्हणजे किती? दहा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे, आणि तळमजल्यावर नळ आहे. त्या नळाला जेवढा दाब, साधारण तेवढा.

दाब आला, पण वाटी गेली. घरातले पिंप काढून टाकावे आणि सरळ नळावर संसार करावा, तसे झाले. म्हणून कारखानदारांनी मोठ्या टाकीच्या आतच आडवे पत्रे किंवा लहान कप्पा ठेवला. पंप त्या कप्प्यातून ओढतो. रोजच्या वापराला तेवढे पुरते.

मधली टाकी काय करते?

मुंबईच्या इमारतींत पाणी कसे येते ते पाहा. महानगरपालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येते. तिथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. तिथून ते घरोघरी जाते. नळ बंद असला तरी गच्चीवरच्या टाकीत पाणी असते.

मधल्या टाकीचे काम असेच आहे. हा डबा उंच आणि अरुंद असतो. त्यात एक-दोन लिटर पेट्रोल मावते. त्याला चार नळ्या असतात.

पहिल्या नळीने मोठ्या टाकीतले पेट्रोल डब्यात येते. हे काम कमी दाबाचा पंप करतो. त्याला लिफ्ट पंप म्हणतात.

दुसरी नळी डब्याच्या अगदी तळाशी असते. तिच्यातून जास्त दाबाचा पंप पेट्रोल ओढतो आणि इंजिनाला देतो.

तिसऱ्या नळीने इंजिनाला नको असलेले पेट्रोल परत डब्यात येते.

चौथी नळी डब्याच्या माथ्यावर असते. डबा भरला की जास्तीचे पेट्रोल आणि हवा तिच्यातून मोठ्या टाकीत परत जाते.

आता वळणावर काय होईल? लिफ्ट पंप हवा धरेल. ती हवा डब्यात येईल, वर चढेल आणि माथ्यावरच्या नळीने निघून जाईल. तळाशी मात्र पेट्रोल असेल. इंजिनाला हवा लागलेली कळणारही नाही.

थोडे गणित करू. गाडी फार जोरात पळवली तर तासाला 30 लिटर पेट्रोल लागते असे धरा. म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. वळण 10 सेकंदांचे धरा. 10 सेकंद म्हणजे मिनिटाचा सहावा भाग. तेवढ्यात सुमारे 83 मिलीलिटर पेट्रोल लागले. म्हणजे एक कपभर चहासुद्धा नाही! डब्यात तर एक लिटर आहे. म्हणून डबा लहान असूनही पुरतो.

सगळ्यांना ही टाकी लागते का?

नाही. हे पक्के लक्षात ठेवा. अंधेरीहून बोरिवलीला कामावर जाणाऱ्या माणसाला मधल्या टाकीची गरज नाही. गाडी आचके देते म्हणून कुणी लगेच टाकी बसवायला सांगितले, तर आधी चार गोष्टी पाहा. टाकीत पेट्रोल किती आहे? पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. फिल्टर कधी बदलला? पंपाची जाळी चोंदली आहे का? पंपाचा दाब बरोबर आहे का?

एक सोपी पारख सांगतो. सरळ रस्त्यावरही गाडी आचके देत असेल, तर दोष फिल्टरात, पंपात किंवा विजेच्या तारांत असण्याचा संभव. टाकी कमी असताना फक्त लांब वळणावरच दम सोडत असेल, तर पंप हवा धरतो आहे असे समजा.

मग टाकी कुणाला लागते? घाटात, कच्च्या वाटेने रॅलीत गाडी पळवणाऱ्याला. जुन्या गाडीत जास्त ताकदीचे इंजिन घालणाऱ्याला. किंवा कार्ब्युरेटरच्या गाडीला इंजेक्शन लावणाऱ्याला. कारण तिच्या जुन्या टाकीत तो कप्पा नसतो.

बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, जागा. डबा सरळ उभा बसवावा. सायलेन्सरपासून लांब ठेवावा. पेट्रोल फिरून फिरून गरम होते, त्यात आणखी भर नको. माणसे बसतात तिथे डबा उघडा ठेवू नये. डिकीत ठेवलाच, तर बंद पेटीत ठेवावा आणि पेटीतली वाफ गाडीच्या बाहेर जाईल अशी सोय करावी.

दुसरी गोष्ट, माथ्यावरची नळी. ती कुठे दबू नये, मुडपू नये. ती बंद झाली तर लिफ्ट पंप डब्यात दाब वाढवत राहील आणि डबा किंवा सांधा फुटेल.

तिसरी गोष्ट, फिल्टर. जाड जाळीचा फिल्टर पंपाच्या आधी, बारीक फिल्टर पंपाच्या नंतर. फिल्टरवर बाण असतो. पेट्रोल ज्या दिशेने जाते, त्या दिशेला बाण हवा.

चौथी गोष्ट, नळी. इथे तुमचे अक्षरज्ञान कामाला येते. रबरी नळ्या दिसायला सारख्याच काळ्या. पण नळीवर छापलेले असते. 'आर 7' ही नळी कमी दाबाची, कार्ब्युरेटरची. 'आर 9' ही इंजेक्शनची. टाकीच्या आत पेट्रोलात बुडवायची नळी आणखी वेगळी, ती 'आर 10'. छाप इंग्रजीत असतो. म्हणून 7 आणि 9 हे इंग्रजी आकडे ओळखायला शिका. दोन आकड्यांत फरक एवढासा, पण जास्त दाबाच्या जागी आर 7 लावली तर ती फुटून गरम इंजिनावर पेट्रोल उडेल. क्लिपसुद्धा इंजेक्शनच्या नळीची घ्यावी. तार गुंडाळून काम भागवू नये.

आणखी एक. आता आपल्याकडे पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाडीतले जुने रबर त्याने लवकर खराब होऊ शकते. म्हणून टाकी बसवताना जुन्या नळ्याही बदलून घ्याव्या.

पाचवी गोष्ट, वीज. दोन्ही पंपांना फ्यूज आणि रिले हवेत. इंजिन बंद पडले की दोन्ही पंप आपोआप बंद झाले पाहिजेत. नाही तर अपघातात गाडी उलटेल आणि पंप मात्र पेट्रोल ओतत राहील.

जीव सांभाळा

पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजातल्या खड्ड्यात साठते. ठिणगी दुसऱ्या टोकाला पडली तरी भडका उडतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी नको, स्टोव्ह नको, ग्राइंडर नको. आधी नळीतला दाब उतरवावा, मग बॅटरीची तार काढावी, मगच नळी सोडवावी. पावडरचे आग विझवायचे नळकांडे हाताशी ठेवावे. पेट्रोलाच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

आणि ऐका. पेट्रोल ठेवलेल्या डब्याला कधी वेल्डिंग लावू नका. पोरे म्हणतात, "रिकामाच तर आहे!" रिकामा डबा भरलेल्यापेक्षा घातक. त्यात वाफ भरलेली असते.

काम झाले की इंजिन न लावता नुसते पंप चालवावे. प्रत्येक सांध्यावर कोरडे फडके फिरवून पाहावे. ओल नसेल तरच इंजिन लावावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे सांधे पाहावे.

शेवटी कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. तेव्हा आर. टी. ओ.त गाडी तपासतात. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करण्याआधी आर. टी. ओ.त आणि विमा कंपनीत विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. विमा नाकारला गेला तर नुकसान मालकाचे. आणि गॅरेजात काम करणाऱ्या पोरावर बोट दाखवले जाते, ते वेगळेच.

तेव्हा तुमच्या मुलाला एवढेच सांगा. मालक घाई करील, गिऱ्हाईक घाई करील. पण नळीवरचा आकडा वाचल्याशिवाय नळी लावू नकोस. सांधा पाहिल्याशिवाय किल्ली फिरवू नकोस. त्याला वाचता येत नसेल, तर त्याला पुढच्या वेळी या वर्गात घेऊन या.

प्रश्न
1. वळणावर पंप हवा का धरतो?
2. मधल्या टाकीच्या चार नळ्यांची कामे सांगा.
3. 'आर 7' आणि 'आर 9' या नळ्यांत फरक काय?
4. रिकामा पेट्रोलचा डबा घातक का?