मैत्रीचें ऋण



आम्ही थेरगांवीं पोटासाठीं आलों. पवनेकांठीं आमचें गोत नव्हतें. ती उणीव मित्रांनीं भरून काढिली. आज त्यांपैकीं कित्येक दुरावले, कित्येक देवाघरीं गेले.

रेव्हरंड टिळकांनीं बालकवि ठोंबऱ्यांस घरच्या मुलासारखें वागविलें. १९१८ सालीं बालकवि रेल्वे-अपघातांत गेले. १९१९ सालीं टिळक गेले. पुढें लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहून दोघांनाही जागतें ठेविलें.

लाजरसाच्या कबरीपाशीं प्रभूही रडला. मग अश्रूंची लाज कशाला? लाज वाटावी ती याची, कीं मित्रास मूठमाती देतांच त्याच्या घरची वाट आम्ही विसरतों. येत्या २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावूं, आणि परततांना त्याच्या दारीं थांबून घरच्यांचें कुशल विचारूं. मैत्रीचें ऋण मरणानें फिटत नाहीं.