कातळाचं घड्याळ

मी आज दगडावर बोलणार. आपल्या पायाखालचा काळा कातळ किती जुना, हे पोथीला विचारू नका, कातळालाच विचारा. त्यात पोटॅशियम-40 असतं. त्याचे अणू आपोआप बदलत राहतात. दर 125 कोटी वर्षांत निम्मे संपतात. बदललेल्या शंभरातले सुमारे अकरा आरगॉन वायू होतात. कुणाच्या हुकमानं हा वेग हलत नाही. लाव्हा वितळलेला असताना आरगॉन उडून जातो, थिजला की आतच कोंडतो. तिथून घड्याळ चालू. दोन्ही मोजा, वय काढा. दख्खनचा कातळ निघाला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. तेव्हा माणूसच नव्हता, मग वर्ण कुठले? उतरंड सृष्टीइतकी जुनी म्हणणाऱ्यांपुढे हा दगड ठेवा.