डोंगरउतारावरचे बिऱ्हाड



पाण्याच्या घागरीसाठी मैलभर चालणाऱ्या या मराठवाड्यात दरडींवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. पण ऑगस्ट २०२१च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसाने आपल्या कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली, हे आपण विसरलेलो नाही. शिवाय १९७२च्या दुष्काळात जी माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्यांना तेथे सपाट जमीन कोण देणार होते? अशा कितीएक कष्टकऱ्यांनी टेकड्यांच्या उतारावर बिऱ्हाड मांडले. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात असाच उतार झोपड्यांवर आला आणि साठाहून अधिक माणसे गेली. उतारावर राहणे हा कोणाचा छंद नव्हे. तो मजुरीच्या दराचा परिणाम आहे.

खेड्यांची कहाणी निराळी नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले. १५१ माणसे मेली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आणली ती एस.टी.च्या एका चालकाने. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातले तळिये गेले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडीच्या धोक्याच्या सरकारी यादीत नव्हती. यादी हवीच, पण तिच्या भरवशावर झोपता येत नाही.

डोंगर का खचतो? मी कॉलेजात शिकलेला नाही. जे वाचून आणि विचारून समजले ते सांगतो. आपला काळा खडक वरून कुजतो, त्याचा मुरूम आणि माती होते. कोरडी असताना ही माती स्वतःला धरून असते. पाऊस दिवसेंदिवस मुरत राहिला की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, पाणी कणांना एकमेकांपासून रेटते, आणि जड झालेली माती सुटते. त्यात आपण भर घालतो. घराला जागा करण्यासाठी डोंगराचा पाय कापतो, निघालेली माती पुढे लोटून भराव करतो, आणि पत्र्याचे, मोरीचे, फुटक्या नळाचे पाणी तेथेच मुरू देतो. वर भिंत बांधली, पण पाणी निघायला तिच्यात भोके ठेवली नाहीत, तर ती भिंत आधार न राहता दुसरी दरड होते.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे पाण्याला वाट देणे. वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया या बेटावर माल्कम अँडरसन आणि लिझ होलकोम्ब या इंग्रज संशोधकांनी २००४पासून हेच केले. त्यांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन उतार पायी पाहिला. पाणी कोठून येते, कोठे तुंबते हे बायाबापड्यांना ठाऊक होते. ते नकाशावर मांडले. मग वस्तीतल्याच गवंड्यांनी आणि मजुरांनी, मजुरी घेऊन, पक्की गटारे बांधली. २०१०मध्ये टोमास वादळ आले, तेव्हा गटारे झालेले हे उतार टिकले. यात नवल कसले? आपल्याच शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरने उताराचा हिशोब करून नहरीने पाणी आणले. पाणी आणण्याची विद्या आणि पाणी घालवण्याची विद्या एकच आहे.

मात्र गटाराने सारे साधेल असे सांगणे ही फसवणूक होईल. वस्तीच्या माथ्यावर उंच डोंगरकडा असेल, तर तेथून लोक हलविणे हाच मार्ग. तेही नीट हवे. माळीणचे नवे गाव एप्रिल २०१७मध्ये वसले आणि त्याच जूनमध्ये, पहिल्याच पावसात, तेथील रस्ते खचल्याच्या बातम्या आल्या. जागा बदलली तरी पाण्याचा नियम बदलत नाही. आणि हलवायचे तर लोकांच्या संमतीने, रोजगार व शेत तुटणार नाही अशा अंतरावर. नाहीतर माणसे पुन्हा जुन्या जागी परततात.

कारखान्यात आम्ही कामगार म्हणतो, तुटलेल्या बोटाची भरपाई नको, आधी यंत्राला जाळी बसवा. दरडीचा न्याय तोच. माणसे मेल्यावर लाखांची मदत एका दिवसात जाहीर होते. तीच मेण्याआधी गवंड्याच्या रोजासाठी वर्षभर कागद फिरतो. १९७२च्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम हा हक्क आहे हे या राज्याने देशाला शिकवले. मग उतारावरच्या वस्तीचे गटार हे हक्काचे काम का नसावे? माझी मागणी साधी आहे. दर उन्हाळ्यात, मे संपण्यापूर्वी, अशा प्रत्येक वस्तीत अभियंत्याने लोकांसह उतार पाहावा आणि लोकांनीच मजुरीवर गटारे बांधावी, उपसावी. पावसाळ्यात पाळीने पहारा असावा. जमिनीला भेग पडली, झाड किंवा खांब कलला, दार एकाएकी अडकू लागले, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, की हुकमाची वाट न पाहता बिऱ्हाड हलवावे. आणि त्यासाठी शाळेची किल्ली वस्तीतच असावी.

आज वैशाखाचे ऊन आहे. दरडीचे काम करण्याचे दिवस हेच आहेत. आषाढात फक्त ढिगारा उपसता येतो.