शुभ आधी, लाभ नंतर

(शिराळा येथे व्यापारी व तरुण उद्योजक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती ज्या गावात आहे, त्या गावात व्यवहारातील नीतीवर बोलताना संकोच वाटण्याचे कारण नाही. समर्थांनी प्रपंच टाकून द्या असे सांगितले नाही. तो नेटकेपणाने आणि विवेकाने करा, असे सांगितले. आपल्या परंपरेने अर्थ हा पुरुषार्थ मानला आहे. मात्र चार पुरुषार्थांची नावे घेताना आपण धर्म आधी उच्चारतो आणि अर्थ त्यानंतर. दिवाळीत वहीपूजन करतानाही 'शुभ' आधी लिहितो, 'लाभ' नंतर. पूजा आटोपली की हा क्रम आपल्या लक्षात राहतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

'धंदा म्हटला की थोडे इकडेतिकडे चालायचेच' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते म्हणणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा तो संसारी, देवभोळा, चारचौघांसारखा असतो. परंतु ज्या बाजारपेठेच्या आधारावर आपला जिल्हा उभा राहिला, ती असल्या वाक्यावर उभी राहिलेली नाही. सांगलीजवळचे हरिपूर आठवा. तेथील मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची जुनी रीत आहे. पेव भरले, तोंड बंद केले, वर माती लोटली की आतला माल मालकालाही दिसत नाही. महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे तो तसाच राहतो. मालक भलत्याच गावी असतो. तरीही पेव उघडले की ठेवला तेवढा आणि ठेवला तसाच माल निघेल, हा भरवसा असल्याशिवाय ही रीत एक हंगामही टिकली नसती. २००५ च्या महापुराने पेवांत पाणी शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. ती निसर्गाची आपत्ती होती. परंतु माणसाच्या नियतीत पाणी शिरले असते, तर महापुराची वाट पाहावी लागली नसती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कागद शासनाने दिला. त्यामागचा लौकिक पिढ्यांनी कमावलेला आहे. त्याच हळदीच्या पुडीत कोणी रंग उजळावा म्हणून शिशाचे विषारी रंगद्रव्य मिसळले, तर तो एका गिऱ्हाइकाला तर फसवतोच, शिवाय आजोबांची पुण्याई फुंकून टाकतो.

नैतिक निर्णयाची खरी कसोटी कोठे लागते? दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात असतो तेथे. आपल्यापुढे यासाठी एका वाण्याचेच उदाहरण आहे. संत तुकाराम महाराजांच्या घरी दुकानदारी होती, सावकारी होती. दुष्काळाने माणसे देशोधडीला लागली, तेव्हा त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. पण त्या कथेतला एक तपशील आपण घाईने ओलांडतो. परंपरा सांगते की, खते बुडविण्यापूर्वी त्यांनी त्यांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि केवळ स्वतःचा वाटा पाण्यात सोडला. करुणा अपार होती, तरी भावाच्या हक्काला तिने हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होता येत नाही, हा अर्थशास्त्राचा धडा देहूच्या त्या वाण्याने घालून दिला.

आता मुंबईत सप्टेंबर २०१९ मध्ये काय घडले ते पाहा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि प्रारंभी खातेदारांना केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, एकाच बांधकाम समूहाला दिलेली हजारो कोटींची कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड दडविण्यात आली होती. निवृत्तांची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, छोट्या दुकानदाराचे भांडवल, सारे अडकले. एवढा डोंगर एका रात्रीत उभा राहत नसतो. प्रथम एक नोंद लपविली जाते. ती झाकण्यासाठी दुसरी करावी लागते. त्या पहिल्या नोंदीच्या वेळी एखाद्याने लेखणी खाली ठेवली असती तर? कायदे आपल्याकडे आहेत. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासूनचा आहे. पण कायदा बहुधा बुडाल्यानंतर येतो. बुडण्यापूर्वी तेथे हजर असतो तो माणसाचा विवेक.

यावर तरुण मित्र विचारतील, 'प्रामाणिक राहून धंदा वाढतो का?' आपल्याच जिल्ह्यात, आजच्या पलूस तालुक्यात, त्याचे उत्तर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी आधार दिला आणि १९१० साली कुंडल रोडच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. चांगल्या मालावर आणि माणसातल्या चांगुलपणावर श्रद्धा ठेवून वाट पाहण्याचे धैर्य, हे त्यांचे पहिले भांडवल होते.

तथापि सारा भार व्यापाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. 'बिल नको, पण भाव कमी करा' असे आपण सुशिक्षित मंडळीच म्हणतो. हळदीच्या पोत्यात माती जाऊ देणारा शेतकरी आणि काट्यावर बोट ठेवणारा खरेदीदार एकमेकांकडे बोट दाखवून स्वतःला निर्दोष ठरवितात. शुद्ध मालाला चार पैसे जास्त मोजण्याची ग्राहकाची तयारी नसेल, तर शुद्ध माल विकणारा किती काळ तग धरील? सचोटीची किंमत असते आणि ती सर्वांनी मिळून मोजायची असते.

म्हणून निर्णयाच्या क्षणी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हा व्यवहार मी गिऱ्हाइकासमोर जसाच्या तसा सांगू शकेन का? यात गुंतलेला पैसा माझा आहे की दुसऱ्याचा? आणि उद्या माझ्या मुलाने गल्ल्यावर बसून हेच केले, तर मला अभिमान वाटेल का? तिन्हींची उत्तरे स्वच्छ असतील तर खुशाल नफा कमवावा, भरपूर कमवावा. एकाचेही उत्तर अडखळले, तर तो लाभ वहीत न लिहिलेलाच बरा.

राष्ट्राचे चारित्र्य म्हणून आपण ज्याचा गौरवाने उल्लेख करतो, ते काही आकाशातून उतरत नाही. ते रोज सकाळी दुकानाची फळी उघडताना आणि रोज सायंकाळी रोजमेळ मांडताना घडत असते. शिराळ्याच्या बाजारपेठेने हे भान जपावे, एवढीच आपणा सर्वांना प्रार्थना.