अनोळखी स्त्री, वय अंदाजे २५ ते ३०

(नवी मुंबईतल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



मला विषय दिला होता 'स्त्रिया आणि पोलीस तपास'. त्यातला एकच तुकडा मी घेणार आहे. वीस-तीस-चाळीस वर्षं न उलगडलेले खून परदेशात डी.एन.ए. आणि वंशावळीच्या मदतीने उलगडतात, हे तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी टी.व्ही.वर पाहिलं असेल. मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, "आपल्याकडे असं का होत नाही?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी विज्ञान शिकलेली नाही, एम.एस.डब्ल्यू. केलेली आहे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याला माझ्यापुरता एक चेहरा आहे.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींबरोबर मी काही वर्षांपूर्वी एका पोलीस ठाण्यात गेले होते. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली. सासरचे म्हणाले, "भांडून निघून गेली, तुमच्याकडेच आली असेल." माहेरी ती पोचलीच नव्हती. चार महिने गेले होते. ठाण्यातल्या माणसाने आधी नेहमीचं वाक्य ऐकवलं, "गेली असेल कुणाबरोबर." आम्ही हललो नाही तेव्हा त्याने एक फाईल पुढे सरकवली. त्यात एक कागद होता : अनोळखी स्त्री, वय अंदाजे २५ ते ३०, अंगात हिरवा परकर, हातात काचेच्या दोन बांगड्या. सोबत फोटो. पाण्यात राहिलेलं शरीर होतं, चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. मावशींनी फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाल्या, "हिरवा परकर तर सगळ्यांकडंच असतो." मी विचारलं, दात, हाड, केस, काही जपून ठेवलंय का? कुणाला सांगता येईना. अंत्यविधी नगरपालिकेने उरकला होता. ती यांची मुलगी असेल किंवा नसेलही. मावशींना आज ना सुतक धरता येतं, ना वाट बघणं सोडता येतं.

आता ते तंत्र काय आहे ते थोडक्यात सांगते. १९८४ साली इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसामाणसाचा डी.एन.ए. वेगळा ओळखण्याची रीत सापडली. जवळच्याच गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे बलात्कार करून खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या पोराने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. चाचणी केली तर तो गुन्हेगार नव्हताच! या रीतीने पहिल्यांदा सुटला तो एक निर्दोष मुलगा, आणि मग १९८८ मध्ये खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला शिक्षा झाली. कबुलीजबाब कसे मिळवले जातात हे वस्तीत काम करणाऱ्यांना मी सांगायला नको.

पण या रीतीत एक अडचण आहे. जुळवायला दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागतं. घटनास्थळावर रक्त आहे, वीर्य आहे, आणि संशयितच माहीत नाही, तर काय करणार? इथे वंशावळ कामाला येते. पोलिसांची नेहमीची चाचणी डी.एन.ए.मधली वीसेक ठिकाणं बघते. नव्या चाचणीत काही लाख ठिकाणं बघतात, त्यामुळे लांबचं नातंही कळतं. ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत अशांचंसुद्धा. अमेरिकेत लाखो लोक हौसेने लाळ नळीत घालून पाठवतात आणि आपले चुलत-मावस नातेवाईक शोधतात. त्या साठ्यात दूरचा भाऊ सापडला की जुने जन्म-मृत्यूचे दाखले, लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता काढून झाड मांडायचं, वरून खाली यायचं आणि योग्य वयाचा, त्या वेळी त्या गावात असलेला माणूस शोधायचा. मग त्याचा नमुना थेट ताडून बघायचा.

कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो असाच एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. १९७० आणि ८०च्या दशकांत पन्नासच्या आसपास बलात्कार आणि तेरा खून. त्यातली काही वर्षं तो चक्क पोलीस होता. त्याच्या वंशावळीचं काम बार्बरा रे-व्हेंटर नावाच्या निवृत्त वकील बाईंच्या मार्गदर्शनाखाली झालं. पण मला त्यांच्याइतकंच महत्त्वाचं वाटलं ते निराळंच. १९८० साली व्हेंचुरा परगण्यात ज्या बाईचा खून झाला, तिच्या शरीरावरचा नमुना शवविच्छेदनाच्या वेळी एकाऐवजी दोनदा घेऊन एक जपून ठेवला होता. डी.एन.ए.ची रीत सापडायच्या चार वर्षं आधी! तो नमुना अडतीस वर्षं थंडीत पडून राहिला, म्हणून झाड मांडता आलं.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९८१ साली ओहायो राज्यात रस्त्याकडेला एका तरुणीचं प्रेत सापडलं. कातडी जाकीट घातलेली, नाव-गाव काही नाही. जाकिटावरूनच तिला नाव पडलं. २०१८ मध्ये, सदतीस वर्षांनी, याच पद्धतीने तिचं खरं नाव कळलं. वय होतं एकवीस. तिची आई तोवर त्याच घरात राहत होती आणि टेलिफोनचा नंबरही तिने बदलला नव्हता. मुलगी फोन करील म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. आपण मागासलेले, आपल्याकडे यंत्रं नाहीत, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. दिल्लीतलं नैना साहनीचं प्रकरण १९९५चं. तंदूरमध्ये जाळलेलं ते शरीर कुणाचं, हे हैदराबादच्या प्रयोगशाळेत आईवडिलांच्या रक्ताशी ताडून सिद्ध झालं. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे तीस वर्षं आहे. मुंबईत कालिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथे डी.एन.ए.ची तपासणी होते. अडतं ते त्याच्या अलीकडे.

शीना बोराचं प्रकरण वर्तमानपत्रांनी बड्या घरातली भानगड म्हणून चवीने छापलं. आपण ते जरा वेगळ्या नजरेने बघू या. इथून गाडीने तास-दीड तासावर पेण तालुक्यात गागोदे आहे, विनोबांचं जन्मगाव. तिथल्या गागोदे खुर्दच्या शिवारात मे २०१२ मध्ये जळालेल्या, कुजलेल्या मानवी शरीराचे अवशेष सापडले. काही भाग मुंबईला जे. जे. रुग्णालयात तपासणीला गेले, उरलेलं तिथेच पुरलं गेलं. गुन्हा नोंदला गेला नाही, अकस्मात मृत्यूची नोंदसुद्धा झाली नाही. पुढे याची चौकशीही लागली. मुंबईत त्याच काळात एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी दिसेनाशी झाली होती आणि ती अमेरिकेला गेली असं सांगितलं जात होतं. एकीकडे नाव नसलेली हाडं आणि दुसरीकडे शरीर नसलेलं नाव. तीन वर्षं ही दोन्ही एकमेकांपासून इतक्या जवळ होती! ऑगस्ट २०१५ मध्ये गाठ पडली ती दुसऱ्याच एका प्रकरणात पकडलेल्या ड्रायव्हरच्या सांगण्यावरून. मग पुरलेलं उकरलं, आणि डी.एन.ए. आईशी जुळल्याचा अहवाल कालिन्याहून आला. आरोपींनी आरोप नाकारले आहेत, बचाव पक्षाने त्या अवशेषांबद्दलही शंका घेतल्या आहेत. दोष कुणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण २०२४ साली काय झालं पाहा. खटला चालू असताना ती हाडं सापडत नाहीत असं न्यायालयात सांगितलं गेलं, आणि नंतर ती सी.बी.आय.च्या दिल्लीतल्या कार्यालयात निघाली. तिकडे अडतीस वर्षं जपलेला नमुना आणि इकडे हे. आणि हे देशभर गाजलेल्या खटल्यात. मावशींच्या मुलीचं काय होणार?

दुसरं प्रकरण आपल्या नवी मुंबईचंच आहे आणि त्यात डी.एन.ए. उपयोगालाच आला नाही. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. स्वतः पोलीस अधिकारी! तरी गुन्हा नोंदायला जानेवारी २०१७ उजाडला आणि पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला अटक व्हायला त्याच वर्षीचा डिसेंबर. मधल्या काळात त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झालं होतं. शरीराचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले होते, ते सापडलेच नाहीत. तरीही पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला जन्मठेप दिली, ती परिस्थितीजन्य पुराव्यावर. पती आणि भाऊ नऊ वर्षं मागे लागून राहिले, म्हणून हे झालं. डी.एन.ए. नसेल तर खून शाबीतच होत नाही, असं यापुढे कुणी ठाण्यात सांगितलं तर हा खटला सांगा.

वंशावळीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिथे आपला समाज मध्ये येतो. आपल्याकडे वंशावळी नाहीत असं नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आहेत, कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी येऊन पिढ्या म्हणून दाखवतात, किती घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. पण त्यात शाखा वाढते ती मुलाची. मुलीची फांदी लग्नापाशी थांबते. तिची मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत, दुसऱ्या आडनावाखाली. आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांची वही कोण ठेवणार? शिवाय पिढ्यानपिढ्या जातीतच सोयरीक, कितीतरी ठिकाणी मामाच्या मुलीशी लग्न. त्यामुळे दोन माणसं एकमेकांची दोन-तीन बाजूंनी नातेवाईक असतात, आणि डी.एन.ए.वरून नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं. अमेरिकेतला हिशेब इथे जसाच्या तसा चालणार नाही.

त्यात लग्नात नाव बदलायची आपली रीत. मावशींच्या मुलीचं माहेरचं नाव एक, तांदळात लिहिलेलं दुसरं. हरवल्याची तक्रार माहेरच्यांनी केली तर एका नावाने, सासरच्यांनी केली, केलीच तर, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या जिल्ह्यात. आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. आपण नाव बदलण्याविरुद्ध बोलतो तेव्हा लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून काय वाद घालता! पोलिसांच्या नोंदीत ही एवढीशी गोष्ट म्हणजे दोन निरनिराळ्या बाया. शरीरात मात्र आईकडून मुलीला जाणारा डी.एन.ए.चा एक वेगळा अंश असतो, तो जुन्या हाडांतही बऱ्याचदा टिकतो. आई, मावशी, सख्खी बहीण, यांच्या रक्तावरून तो ताडता येतो, मग सासरी नाव काहीही ठेवलेलं असो.

मग सगळ्यांचा डी.एन.ए. सरकारने गोळा करावा का? मला विचाराल तर नाही. २०१९चं डी.एन.ए. विधेयक आठवत असेल. त्यात गुन्हेगार, संशयित, घटनास्थळं, हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृत अशा याद्या एकाच बँकेत ठेवायच्या होत्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अनोळखी प्रेतांबद्दलची जनहित याचिका निकालात निघाली, ती केंद्राने असा कायदा आणतो म्हटल्यावर. आणि २०२३ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं. अनोळखी मृतांची यादी त्याबरोबर गेली. उरलं काय? २०२२चा ओळखविषयक कायदा, ज्यात अटक झालेल्यांचे जैविक नमुने घेता येतात आणि नोंदी पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. अटक कुणाला आधी होते? पारध्याच्या पोराला. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याची यादी होणार, आणि जिला शोधायचंय तिची नाही.

आणखी एक सावधगिरी. डी.एन.ए. हा शब्द आपल्या केंद्रात येणाऱ्या बायका सर्वात जास्त कुणाच्या तोंडून ऐकतात? नवऱ्याच्या. "मूल माझं नाही, टेस्ट कर." सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याच्या खटल्यात सांगितलं की बायकोवर व्यभिचाराचा आरोप आहे म्हणून मुलाची अशी चाचणी सरसकट करता येणार नाही. मूल हे काही पुराव्याची वस्तू नाही. हा निकाल जवळ ठेवा, तो लागतो. एक बाई जिवंत असताना तिच्या चारित्र्यासाठी चाचणी मागायला माणसं कोर्टात जातात, आणि तिचं प्रेत खाडीत मिळालं तर साधा दात कुणी जपून ठेवत नाही, याचा मला संताप येतो.

म्हणून आपण मागायचं ते मोजकं मागू या. अनोळखी प्रेत सापडलं की नव्या संहितेच्या कलम १९४ खाली, म्हणजे जुन्या १७४ खाली, नोंद झालीच पाहिजे. अंत्यविधीआधी दात किंवा हाड काढून, नंबर घालून जपलं पाहिजे, आणि तो नंबर फाईलवर दिसला पाहिजे. हरवल्याच्या तक्रारीत बाईची दोन्ही नावं लिहून घ्या म्हणून आग्रह धरा, गोंदण, बसवलेला दात, बाळंतपणातलं सिझेरियन, हाडाचं जुनं फ्रॅक्चर हेही लिहून घ्या. मारहाणीच्या केसमध्ये आपण काढून ठेवलेले एक्स-रे टाकू नका. हद्द आमची नाही म्हणाले तर शून्य नंबरने नोंदवायला लावा आणि प्रत घ्या. आणि आईची तयारी असेल तर तिचा नमुना फक्त अनोळखी मृतांशी ताडण्यासाठी घ्यावा, दुसऱ्या कशासाठी वापरू नये, असं लेखी मागा. अमेरिकेतही डीअँजेलोनंतर लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा तिथल्या एका मोठ्या साठ्याने २०१९ पासून पोलिसांना दाखवण्याआधी संमती घ्यायला सुरुवात केली. संमतीची भाषा आपण गेली चाळीस वर्षं बोलतोय, इथेही तीच बोलू.

मावशींचा नमुना अजून कुणी घेतलेला नाही. आम्ही अर्ज तयार केला आहे, त्यात मुलीची दोन्ही नावं आहेत, आणि त्या हिरव्या परकराच्या फाईलचा नंबरही टाकला आहे. पुढच्या सोमवारी अकरा वाजता तो द्यायला जायचंय. मागच्या वेळी आम्ही दोघीच होतो, तेव्हा खुर्चीसुद्धा मिळाली नव्हती. दहा-बाराजणी असलो तर बरं. ज्यांना यायला जमेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.