गोल लिपी, ठळक अक्षर

बंगळूर शहरात नव्याने उतरलेल्या मराठी माणसाची नजर प्रथम दुकानांच्या पाट्यांवर खिळते. कन्नड वाचता येत नसले, तरी त्या अक्षरांची गोलाई डोळ्यांत भरतेच. आपली देवनागरी शिरोरेषेला टांगलेली आणि उभ्या दंडांवर तोललेली. कन्नड मात्र वळसे घेत चालणारी. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून दक्षिणेकडील लिप्या गोल झाल्या, असे सांगतात. ते सर्वस्वी खरे असो वा नसो, पाट्या रंगविणाऱ्याच्या कुंचल्याला ही गोलाई मानवली यात शंका नाही.

मग या दोन भिन्न प्रकृतींच्या लिप्यांना एकच जाड, गुबगुबीत वळण शोभेल काय? मुंबईच्या 'एक टाईप' या अक्षरकारांच्या संस्थेने सुमारे दहा वर्षांपूर्वी 'बालू' नावाचा टाईप काढून या प्रश्नाचे उत्तर दिले. नाव अस्वलाचे, आणि अक्षरेही तशीच: अंगाने भरलेली, कडांना मऊ. कन्नडमध्ये तो झाला 'बालू तम्मा', तमिळमध्ये 'बालू तंबी', बंगालीत 'बालू दा', पंजाबीत 'बालू पाजी'. सगळे भाऊच! देवनागरीच्या वाट्याला तेवढे नुसतेच 'बालू' आले; आम्हांला 'बालूदादा' चालला असता.

ठळक अक्षर म्हणजे बारीक अक्षराला चढविलेली चरबी नव्हे. अवयव जाड होऊ लागले की आतली पांढरी जागा बुजते. देवनागरीत शिरोरेषाच जाड केली, तर वर मात्रा, रफार, अनुस्वार यांनी राहावे कोठे? कन्नडमध्ये जोडाक्षरातला दुसरा वर्ण बहुधा खाली लोंबतो. तो लहान हवा, आणि वाचताही यायला हवा. म्हणून दाटीच्या ठिकाणी रेघ हळूच बारीक करावी लागते, आणि ती बारीक केल्याचे वाचणाऱ्याला कळताही कामा नये. खरे कसब तेथे आहे.

हे सारे केवळ नटव्या अक्षरांचे कौतुक आहे, असे कोणी समजू नये. २०२२ साली महाराष्ट्राने पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नसावे असा नियम केला. २०२४ साली कर्नाटकाने पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला दिला. पण कायदा आकार मोजतो, रूप मोजीत नाही. रोमन अक्षरे डौलदार आणि शेजारी कन्नड कशीबशी ताणलेली, अशी पाटी नियमात बसते; भाषा मात्र स्वतःच्या घरात पोटभाडेकरू होऊन राहते. एकाच हाताने घडविलेली, सारख्या वजनाची दोन्ही लिप्यांतली अक्षरे मिळाली, तर ही दुरवस्था टळते. शिवाय हा टाईप वापरण्यास मोफत आहे. चिकपेठेतल्या लहान दुकानदाराला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

मुलांची पुस्तके, मथळे, खाऊचे पुडे, दुकानाची पाटी ही त्याची क्षेत्रे. पुढे निघालेल्या 'बालू २' मध्ये जाडीच्या पाच पायऱ्या आहेत. तरीही सलग मजकूर त्यात छापू नये, डोळे शिणतात. आणि शोकवार्ता तर मुळीच नको. ते अक्षर सदैव हसतमुख असते.